गावी आईबाबांना आवाजावर चालणारा स्पीकर घेऊन द्यावा का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही पुण्यात नोकरीला, आईबाबा अमरावती जिल्ह्यातल्या गावी. त्यांना बोलून चालणारा स्पीकर आणि एक-दोन स्मार्ट बल्ब घेऊन द्यायचे आहेत, पण लाइट आणि नेटच्या भरवशावर ते तिथे चालतील का?

चालतील, पण घरात उठायला-बसायला किंवा दिसायला अडचण असलेलं कोणी असेल तरच पैसे वसूल होतील. आमचं घर दारव्हा तालुक्यात. स्पीकर आला तेव्हा सगळेच त्याच्याशी बोलायचे, आता तो आजीचा झाला आहे. तिला कमी दिसतं आणि गुडघे साथ देत नाहीत. खाटेवरूनच दिवा लावायचा, भजन लावायचं, मध्यरात्री किती वाजले ते विचारायचं, हे सगळं तिला कोणाला हाक न मारता जमतं. रात्री सुनेला उठवायचा तिला फार संकोच वाटायचा, तो गेला. बाकी आम्ही भिंतीवरचं बटण दाबतो.

आता अडचणी. हाक मारली की ऐकू येणं एवढंच काम त्या डब्यात होतं. पुढचं तुमचं बोलणं नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जातं आणि तिथून उत्तर येतं. म्हणजे लाइट गेली की वायफाय गेलं, वायफाय गेलं की डबा मुका. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो लावा, पण स्पीकरच्या लाइटची सोय वेगळी करावी लागते. घरी राउटर नसून कोणाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर नादच सोडा. तो मोबाइल सकाळी खिशात बसून वावरात जातो आणि घरी आजी डब्याला विचारत बसते, "काहून बोलून नाही रायला बे तू?"

स्मार्ट बल्बचा एक खोडसाळपणा आधीच सांगून ठेवतो. बरेच बल्ब लाइट जाऊन आली की आपोआप पूर्ण उजेडात पेटतात. आपल्याकडे लाइट रात्री दोनला येते, सगळं घर खडबडून जागं होतं. ॲपमध्ये बहुतेकदा लाइट आल्यावर बल्ब आधीच्या स्थितीत ठेवायची सेटिंग असते, ती पहिल्या दिवशीच करा. आणि भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं तर बल्ब हाकेलाही येत नाही. लाइट वाचवायची सवय लागलेली आपली आई ते बटण बंद करणारच.

ऐकण्याचं सांगायचं तर उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात टिनावरचा पाऊस. दोन्हींच्या आवाजात डब्याला काही कळत नाही, माणूस ओरडतो आणि शेजारी विचारतात की घरात भांडण चाललं का. स्पीकर कूलरपासून लांब, खाटेच्या उशाशी ठेवा.

भाषेचंही पाहून घ्या. ॲमेझॉनच्या स्पीकरमधल्या अलेक्साला हिंदी 2019 मध्ये आली. फोनमधल्या गूगल असिस्टंटला मराठी 2018 पासून कळते, त्यामुळे मराठीतच बोलायचं असेल तर आधी आईच्या फोनवर करून पाहा, फुकट आहे. आपल्याकडे हिंदीचं वावडं नाही, नागपूर तर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. पण आजीच्या हिंदीत अर्धी वऱ्हाडी असते, तिथे गाडी अडते. बल्बांना 'छपरी', 'सैपाकघर' अशी नावं देऊ नका, 'एक नंबर', 'दोन नंबर' द्या. आमच्याकडे ते ऐकलं जातं.

बाबांच्या डोक्यात कदाचित मोटर असेल. विहिरीवरची थ्री फेज मोटर आवाजावर चालणाऱ्या घरगुती स्मार्ट प्लगवर लावायची नसते. तिच्यासाठी सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर वेगळा मिळतो, पुण्याचा नॅनो गणेश त्यातलाच. घरून फोन लावायचा, मोटर चालू-बंद करायची. शेतीची लाइट पाळीपाळीने रात्री येते तेव्हा अंधारात साप-विंचवातून वावरात जाणं वाचतं. खरं सांगू का, बजेट एकाच गोष्टीचं असेल तर मी आधी तो स्टार्टर घेईन, स्पीकर नंतर.

पाणी तापवायचा रॉड मात्र आवाजावर अजिबात लावू नका. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, सहा अँपिअरचा प्लग तापून वितळू शकतो. सोळाचा घेतला तरी बादलीत पाणी आहे की नाही हे डब्याला दिसत नाही. पोरगं गमतीने बोललं आणि कोरडा रॉड पेटला तर?

काही स्पीकरमध्ये तुम्ही पुण्यातून थेट घरात बोलू शकता, समोरच्याने फोन उचलायचीही गरज नसते. तुम्हाला ते सोयीचं वाटेल, पण आईबाबांना विचारल्याशिवाय चालू करू नका. छपरीत चार माणसं शेतीच्या वाटणीचं बोलत बसलेली असतात आणि अचानक लेकाचा आवाज येतो, हे बरं दिसत नाही. माइक बंद करायचं बटण त्यांना दाखवून ठेवा. आणि तब्येतीचं काही झालं तर हा डबा 108 ला फोन लावेल असं गृहीत धरू नका, नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवा.

हे सगळं स्वतः गावी जाऊन जोडून द्या, दिवाळीची सुट्टी बरी. फोनवरून आईला वायफायचा पासवर्ड टाकायला लावू नका, त्यात मोठं अक्षर कुठलं आणि छोटं कुठलं यावरून तुमचंच भांडण होईल.