जनसंपर्क म्हणजे पीआर ही अमेरिकेची देणगी, की प्राचीन काळीही असं काही होतं?

होतं. आणि ‘अमेरिकेची देणगी’ हे पालुपद लोअर परळच्या एका एजन्सीत मी इतकं ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना. आमचे तिथले साहेब प्रत्येक नव्या पोराला अमेरिकेतला आद्य पीआरवाला आयव्ही ली आणि पत्रकारांना उघडपणे खरी माहिती देऊ असं सांगणारा त्याचा १९०६चा जाहीरनामा ऐकवायचे. त्याआधी म्हणे नुसती दवंडी.

एकदा क्लायंटच्या कारखान्यात अपघात झाला. साहेबांनी एकच प्रेसनोट काढली: जखमी इतके, दिलगीर आहोत, चौकशी सुरू. आर्थिक दैनिकांना ती, आणि मराठी करून शेजारच्या वस्तीलाही तीच. मी म्हटलं, सर, जखमी त्यांच्याच घरातले आहेत, आकडे कसले सांगताय? अधिकाऱ्यांना काय तंबी दिली ते सांगा. अशोकाने तेच केलं. कलिंगात एक लाख मारले गेले, दीड लाख धरून नेले, याचा पश्चात्ताप होतो, असं सांगणारा त्याचा तेरावा शिलालेख आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला आहे, गुजरातेत गिरनारला आहे. खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशातल्या धौली-जौगडला, नाही! तिथे त्याऐवजी ‘सगळी माणसं माझी लेकरं’ आणि अधिकाऱ्यांना ताकीद, की कुणाला विनाकारण डांबू नका. वर हे ठरावीक दिवशी वाचून दाखवायचा हुकूम.

साहेब म्हणाले, “अशोकाला रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली फी, कोण देत होतं?” सगळे हसले, नोट तशीच गेली. वस्तीतल्या एका मावशींनी ती वाचून आमच्या माणसाच्या हातात परत ठेवली. “हे आम्हाला माहितीये, बाळा.”

बाकी मन वळवण्याच्या कलेवर लिहिणारा ॲरिस्टॉटल वगैरे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्राची, कोरून घेतलेली स्तुती मात्र वाचाच; आजचे ब्रँडवाले लाजतील.

आता हेही खरं, की तो लेख कलिंगात का गाळला ते अशोकाने कुठे लिहिलेलं नाही, तो अभ्यासकांचा तर्क आहे. शिवाय राजाज्ञेला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. लीच्या काळात पत्रकार विचारू शकत होते.

तरी पीआरच्या कोर्सला पैसे भरण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. आपल्या नालासोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा तिथे आहे. आजारपण, लग्न, प्रवास यांसाठी लोक मंगलविधी करतात, त्याबद्दलचा हा लेख. विधी बंद करा असं अशोक म्हणत नाही. करा, पण फळ थोडं. खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं. लोकांची सवय न दुखावता तिच्यात आपला मुद्दा घुसवणं आमच्या धंद्यातल्या निम्म्यांना अजून जमत नाही, साहेबांना तर नाहीच.