टायफून हैयानमध्ये टॅक्लोबान शहरात एवढी माणसं का दगावली?

मुख्यतः पाण्यामुळे. ८ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी हैयान फिलिपिन्समधल्या लेयते बेटावर धडकलं. वारे ताशी ३०० किमीच्या आसपास होते, पण खरा घात समुद्राने केला. टॅक्लोबान सान पेद्रो उपसागराच्या टोकाला वसलंय. उपसागर उथळ आणि आत निमुळता, त्यामुळे वाऱ्याने रेटलेलं पाणी नरसाळ्यात कोंडल्यासारखं पाच-सहा मीटर चढलं. अनिबोंग वस्तीत तर मोठी जहाजं घरांवर येऊन बसली. विमानतळ उद्ध्वस्त झाल्याने मदतही रखडली.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते वेगळंच: बरेच लोक सांगितल्याप्रमाणे निवाऱ्यात गेले होते. काही इमारती वाऱ्याला पुरून उरतील अशा होत्या, पण किनाऱ्याजवळ, आणि पाणी तिथेही शिरलं. देशभरात ६,३०० हून अधिक बळी गेले, त्यात या एका शहराचा वाटा फार मोठा.