नवी मुंबईच्या दमट हवेत कॅक्टस बियांपासून घरी वाढवता येतात का?

आपण ऐरोलीच्या सदनिकेत दोनदा कॅक्टसच्या बिया पेरल्या. पहिल्यांदा त्या लाल मातीत अर्धा इंच खोल गेल्या आणि एकही उगवली नाही. दुसऱ्यांदा, गेल्या जूनमध्ये, झाकणाच्या डब्यात वरच्यावर पसरल्यावर पाचव्या दिवशी वीसेक रोपे दिसली, पण महिनाभराने झाकण काढताच चार दिवसांत ती पाणी होऊन गेली. आपल्याकडची हवाच याला मानवत नाही का आणि उरलेल्या चाळीस बिया आत्ता एप्रिलमध्ये पेराव्यात का, असे आपण विचारले आहे.

हवा मानवते, हे मी नेरुळमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेकडील खिडकीच्या ग्रिलमध्ये अकरा वर्षे बियांपासून कॅक्टस वाढवल्यावर खात्रीने सांगू शकतो. आपल्या दुसऱ्या प्रयत्नात बिया चांगल्या होत्या आणि पद्धतही बहुतांशी बरोबर होती. चुकला तो महिना, आणि आपल्या भागात हीच चूक सर्वांत जास्त रोपे घालवते.

वाळवंटातले झाड म्हणजे त्याच्या पिल्लालाही कोरडेपणा आणि ऊन आवडत असणार, असा आपला सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथेही बी रुजते ते पाऊस पडून गेल्यावर, एखाद्या झुडपाच्या सावलीत किंवा दगडाच्या फटीत. अमेरिकेतील ॲरिझोनामधला सग्वारो हा पुढे तीन-चार मजली इमारतीएवढा होणारा कॅक्टस पहिली आठ वर्षे जेमतेम इंच-दीड इंचाचा असतो, आणि तेवढा काळ तो बहुधा एखाद्या मोठ्या झाडाच्या आडोशाला काढतो. म्हणजे पहिले काही महिने रोपाला ऊब, ओल आणि गाळलेला उजेड हवा असतो. ऊब आणि ओल आपल्याकडे न मागता मिळते, पण त्याच हवेवर बुरशीही पोसते. बंद डब्यात स्वच्छ माध्यम (मातीऐवजी वापरायचे पेरणीचे मिश्रण) आणि उकळलेले पाणी असते, म्हणून रोपे सुखरूप राहतात. ऐन जुलैत झाकण काढले की बाहेरच्या बुरशीचे बीजाणू आत येतात, माध्यम दिवसेंदिवस सुकत नाही आणि भाजीच्या रोपवाटिकेत ज्याला मर रोग, म्हणजे बुरशीने कोवळी रोपे कुजून कोलमडणे, म्हणतात तोच इथे होतो.

म्हणून पेरणीचा महिना ठरवताना पावसापासून उलटे मोजावे. हवामान खात्याच्या सध्याच्या तारखांप्रमाणे मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. पावसाला तोंड देण्याआधी रोप निदान सात महिन्यांचे झालेले असावे आणि त्यांपैकी शेवटचे तीन-चार महिने त्याने उघड्या हवेत काढलेले असावेत, असा माझा अनुभव आहे. तेवढे मागे गेले की आपण कोजागिरी ते दिवाळीनंतरचा पंधरवडा, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य, इथे येऊन पोचतो. त्या दिवसांत दुपारी तिशीच्या वर आणि रात्री विशीच्या आसपास असलेले तापमान बहुतेक कॅक्टसच्या बियांना रुजण्यासाठी उत्तम असते.

हे मी सुरुवातीलाच ओळखले असते तर फार हळहळ वाचली असती. दुसऱ्या वर्षी मी मार्चमध्ये ॲस्ट्रोफायटम या कॅक्टसच्या बिया पेरल्या, साठ रोपे छान आली, आणि जुलैत ती मोठी झाली असे समजून झाकण काढले. दोन दिवसांनी सकाळी भिंग घेऊन पाहिले तेव्हा कुंडीच्या एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. त्यांत सापडलेली रोपे हिरवी न राहता काचेसारखी पारदर्शक झाली होती आणि काडीने स्पर्श करताच बसत होती. आठवडा उलटेपर्यंत त्यांतली चार उरली. आपण लिहिलेले ‘पाणी होऊन गेली’ हे शब्द वाचताना मला तीच कुंडी आठवली.

आता माध्यमाविषयी. रोपवाटिकांत सर्रास मिळणारी लाल माती कॅक्टसच्या बियांसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावी, कारण ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर विटेसारखी होते. मी एक भाग धुऊन घेतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन भाग बारीक खडा घेतो. खडा म्हणून प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), परलाईट (फुगवलेले हलके पांढरे खनिज) किंवा विटांचा चुरा यांपैकी काहीही चालते. विटांचा चुरा रव्याच्या चाळणीने चाळून खाली पडणारी भुकटी टाकून द्यावी, पोह्यांच्या चाळणीत वर राहणारे खडे बाजूला काढावेत आणि मधला भाग धुऊन घ्यावा. हे मिश्रण किंचित ओलसर करून स्टीलच्या डब्यात भरावे आणि या कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कुकरमध्ये शिटी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे वाफवून, न उघडता थंड होऊ द्यावे. बुरशीनाशक मी शक्यतो वापरत नाही, कारण घरात लहान मुले वावरतात; वापरायचेच झाले तर कार्बेन्डाझिम लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात, हातमोजे घालून, एकदाच द्यावे. वाफवण्यात केलेली हयगय मात्र कोणतेही औषध भरून काढत नाही.

बियांची स्वच्छताही तितकीच महत्त्वाची आहे. फळाच्या गराचा वाळलेला अंश बीला चिकटून राहिला तर बुरशी नेमकी तिथून सुरू होते. औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड, बाटलीवरची तीव्रता वाचून तीन टक्क्यांपर्यंत पातळ करून, त्यात बिया पाच-सात मिनिटे ठेवाव्यात आणि मग उकळून गार केलेल्या पाण्याने धुवाव्यात. पेरताना बी पुरू नये, कारण बहुतेक कॅक्टसच्या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. आपली पहिली पेरणी वाया गेली ती यामुळेच. ॲस्ट्रोफायटमचे बी तपकिरी, चकचकीत आणि एका बाजूने पोकळ असते, उपडे ठेवलेले शिरस्त्राणच जणू, आणि पोकळीत हवा राहिल्यामुळे ते पाण्यावर तरंगते. मॅमिलॅरिया या दुसऱ्या कॅक्टसचे बी खसखशीएवढे बारीक असते. दोन्ही नुसती पृष्ठभागावर टाकून बोटाने हलकेच दाबावीत. भोके पाडलेला लहान डबा उकळून गार केलेल्या पाण्याच्या ताटलीत ठेवावा, वरचा थर गडद दिसेपर्यंत त्याला खालून पाणी पिऊ द्यावे, निथळावे आणि तो डबा झाकणाच्या पारदर्शक खोक्यात किंवा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून द्यावा. झाकणाला आतून बारीक दव धरले की ओल बरोबर आहे असे समजावे. थेंब ओघळत असतील तर ती जास्त झाली.

तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत उगवण होते. रोप म्हणजे मुगाच्या दाण्याहूनही लहान हिरवा मणी असतो, त्याच्या माथ्यावर दोन नखाएवढेही नसलेले कान, आणि भिंगाखाली त्या कानांच्या मधोमध पहिल्या काट्यांचा पांढरा झुबका दिसतो. काही रोपांचे मूळ खाली न जाता आडवे पडते. दात कोरायच्या काडीने शेजारी छिद्र करून मुळाचे टोक त्यात सोडले की ते रोप सहसा वाचते. बीचे टरफल टोपीसारखे डोक्यावर अडकले असेल तर ओढू नये, ओलसर ब्रशने भिजवून सैल करावे.

बंद खोके थेट उन्हात कधीही ठेवू नये, आत भट्टी होते. मी वीस वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्टीखाली, साधारण वीतभर अंतरावर, रोज बारा ते चौदा तास उजेड देतो. रोपे लांबुळकी होऊ लागली तर उजेड कमी पडतो आहे, आणि तांबूस झाली तर तो जास्त होतो आहे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून झाकणाला सुईने चार छिद्रे पाडावीत, दर तीन-चार दिवसांनी ती वाढवत न्यावीत आणि तीन आठवड्यांनी झाकण पूर्ण काढावे. एवढी सावकाशी यासाठी की, खोक्यातल्या दमट हवेत वाढलेल्या रोपाची साल पातळ असते आणि ती जाड होण्यास वेळ लागतो. मार्च ते मे पांढऱ्या कापडातून गाळलेले सकाळचे ऊन द्यावे, आणि वरचा थर सुकला की लगेच खालून पाणी द्यावे; वर्षाच्या आतील रोपाला मोठ्या कॅक्टससारखे पंधरा दिवस कोरडे ठेवता येत नाही. याच काळात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले) खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात कुंड्या घरात घ्याव्यात, त्यांच्यावर टेबलफॅनचा मंद वारा दिवसातून काही तास तरी सोडावा आणि पाणी फक्त सकाळी, कुंडी उचलून हलकी लागली तरच द्यावे. कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपून घ्यावा. पुनर्लागवडीची घाई करू नये. रोपे एकमेकांना टेकेपर्यंत दाटीने चांगली वाढतात, आणि ती वेळ बहुधा पुढच्या दिवाळीला येते.

सुरुवातीसाठी ॲस्ट्रोफायटम, जिम्नोकॅलिशियम, मॅमिलॅरिया आणि गोल्डन बॅरल या जाती माझ्या अनुभवात आपल्याकडे सोशिक ठरल्या आहेत. लिथॉप्स, म्हणजे गारगोटीसारखी दिसणारी छोटी झाडे, कितीही मोहक वाटले तरी ते आत्ता नको; दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातल्या त्या वनस्पतीला आपला पावसाळा फार जड जातो. अडेनियम या फुगीर खोडाच्या फुलझाडाची गोष्ट वेगळी आहे: त्याला उष्णता आवडते, ताजे बी आठवड्याभरात रुजते आणि बंद खोक्याची गरज नसते, त्यामुळे ते एप्रिलमध्येही पेरता येते. निळ्या किंवा इंद्रधनुषी कॅक्टसच्या बिया म्हणून ऑनलाइन जे विकले जाते, ती सरळ फसवणूक असते. निवडुंग हा आपला शब्द मोठा उदार आहे, तेही लक्षात असू द्यावे: कुंपणाला लावतात तो तीनधारी निवडुंग खरे तर युफोर्बिया आहे, मोडला की त्यातून पांढरा चीक येतो, आणि तो कॅक्टस कुळातला नाही, फड्या निवडुंग मात्र कॅक्टसच आहे आणि तो मूळचा अमेरिका खंडातला.

राहिला प्रश्न आपल्या चाळीस बियांचा. त्या आत्ता पेरू नयेत. कागदाच्या पुडीत घालून, जात आणि तारीख लिहून, ती पुडी सिलिका जेलच्या एका पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोजागिरीपर्यंत राहू द्यावी. तोवर हात बसवण्यासाठी वाशीच्या बाजारातून एक ड्रॅगन फ्रूट आणावे. तोही कॅक्टसच आहे, आणि त्याच्या गरातल्या काळ्या बिया चहाच्या गाळणीत चोळून, नळाखाली गर पूर्ण निघेपर्यंत धुऊन पेरल्या तर आठ-दहा दिवसांत उगवतात. माध्यम नीट वाफवले गेले का, झाकणावर किती दव धरते आणि उजेड कुठे पुरतो, या तिन्ही गोष्टी त्या एका डब्यात आपल्याला प्रत्यक्ष दिसतील. त्यात काही अडले तर डब्याचे छायाचित्र काढून इथेच विचारावे, मी जरूर उत्तर देईन.