मामेभाऊ म्हणाला बायको मारते, सकाळी म्हणाला विसर. मी आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की मामेभाऊ दोन पेग झाल्यावर रडला, बायको मारते म्हणाला, आणि सकाळी उठून "रात्री जास्त झाली होती, विसर" म्हणतोय. तर विसरू नका हो. दारूत माणूस काय वाट्टेल ते फेकतो, पण बायकोचा मार खातो हे आपल्याकडं कोण उगाच सांगतंय, त्यात काय इज्जत वाढणारे?

मी सोलापूरचा, आणि माझी चूक आधी सांगतो. माझा एक दोस्त एमआयडीसीत लूमवर आहे. एप्रिल महिना, आमच्याकडचं ऊन माहितीच असेल, आणि हा पठ्ठ्या फुल बाह्यांचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून. कँटीनला चहा घेताना बाही वर सरकली तर कोपराखाली कमानीसारखा काळपट डाग, मधली कातडी अजून ओली. म्हणाला, तवा लागला. मी म्हणालो, "तू कधीपासून भाकऱ्या थापायला लागलास बे, का वहिनीनं प्रसाद दिला?" सगळे हसले, तो पण हसला. त्यानंतर आठ महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. प्रसादच होता तो, नंतर कळलं.

म्हणून तुम्ही दोघंच असताना, दारू नसताना, एवढंच म्हणा की त्या रात्रीचं माझ्या लक्षात आहे, मला ते खरं वाटतंय, कुणाला सांगितलेलं नाही. बास. तो विषय बदलेल, बदलू द्या. "तू पण एक ठेवून द्यायची" हे तर चुकून पण बोलू नका, त्यानं हात उचलला की मामला वेगळाच होतो आणि आतापर्यंतचं त्याचं खरं पण कोण ऐकत नाही. आणि त्याला न विचारता सासरच्यांना बोलावून बैठक लावू नका. माझ्या दोस्ताची लावली होती त्याच्या काकांनी, सगळ्यांनी मिळून त्यालाच समजावलं, पुरुषासारखं वाग म्हणून, आणि घरी गेल्यावर व्हायचं तेच झालं.

कायद्याचं सांगतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बाईसाठीच आहे, नवऱ्याला त्यात अर्ज करता येत नाही. (यावरून बायकांना शिव्या घालायला इथं कमेंटमध्ये गर्दी होईल, माझी त्याला साथ नाही, बायका जास्तच मार खातात आणि तो कायदा लागतोच.) पण मारहाणीची कलमं सगळ्यांना सारखी. साध्या मारहाणीला पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतात, पण हत्याराने किंवा तापलेल्या वस्तूने इजा केली तर बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता, आयपीसीच्या जागी आलेला कायदा) ११८ लागतं, त्यात एफआयआर होतो. तापलेला तवा त्यातच येतो, हे आम्हाला वकिलानं सांगितलं तेव्हा डाग जुना झाला होता आणि कागद एकही नव्हता. दवाखान्यात तो "पडलो" म्हणाला होता ना. तर तुमच्या भावानं डॉक्टरला खरं सांगायचं, एमएलसी (पोलीस केससाठी दवाखान्यात होणारी नोंद) करून घ्यायची, फोटो तारखेसकट ठेवायचे, त्याच्या फोनमध्ये नको, तुमच्याकडं. घटस्फोटासाठी क्रूरता हे कारण हिंदू विवाह कायद्यात नवरा-बायको दोघांनाही आहे. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००, उत्पन्न मर्यादेत बसलं तर पुरुषालाही फुकट वकील मिळतो.

अजून एक, यासाठी तयार राहा. माणूस एकदा बोलायला लागला की कधीकधी तळातलं जुनं पण वर येतं. माझा दोस्त कंबर तलावाच्या काठावर बसून शेंगा सोलत सोलत म्हणाला, तेरा वर्षाचा असताना होस्टेलला एक मोठा पोरगा रात्री त्याच्या अंथरुणात यायचा. "मी ओरडलो का नाही बे?" एवढंच दोन-तीनदा विचारलं. भीतीनं शरीर गोठतं, आणि शरीरानं साथ दिल्यासारखं वाटलं तरी ती मर्जी नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी नुसता बसून राहिलो. आता कुणा पोराचं असं कळलं तर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा आहे, अठराच्या खालच्या मुलामुलींना सारखाच. मोठ्या पुरुषाच्या बाबतीत मात्र भोकच पडलंय, १ जुलै २०२४ पासून बीएनएस आलं त्यात आयपीसीचं जुनं ३७७ (पुरुषावर झालेली जबरदस्ती त्यात यायची) ठेवलंच नाही आणि बलात्काराचं कलम बाईपुरतंच, त्यामुळे मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं असलीच कलमं उरतात. पण घटना ताजी असेल तर पोलिसांचं नंतर बघा, आधी सरकारी दवाखाना, एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या मिळतात त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात.

आणि मनासाठी टेली मानस, सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या दोस्तानं पहिल्यांदा लावून कट केला, दुसऱ्यांदा भाषा निवडायच्या आधीच कट केला. तिसऱ्यांदा माझ्या खोलीत बसून लावला, मी खाली गाडीवर बसलो होतो, चाळीस मिनिटं झाली तरी वरून हाक नाही आली.