पळून आलेलं पोरगं आणि बापाची उचल

प्रश्न : ताई, मी आश्रमशाळेत शिक्षक आहे, नाशिक जिल्ह्यात. तीन आठवड्यांपूर्वी ११ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला, बापाने उचल घेऊन त्याला दोन वर्षं मेंढ्यांमागं ठेवलं होतं, तिथून रात्रीचा चालत पळून आला. आता पहाटे चारला उठून अंगणात बसतो, पाणी प्यायलासुद्धा विचारतो, गादीखाली भाकरी लपवतो. वर्गात गप्प. त्यात बाप येऊन गेला, म्हणतो दहा हजार फिटले नाहीत, पोराला परत पाठवा. काय करावं?

उत्तर : सर, आधी बापाचं बघू, कारण ते दार उघडं असेपर्यंत पोराला झोप लागायची नाही. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा आहे आणि त्यात साफ लिहिलंय की असलं कर्ज आपोआप संपतं, उलट मालकाने त्यापोटी एक रुपया जरी घेतला तरी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बापाला चिडून नको, चहा पाजून सांगा, तोही बिचारा घाबरलेलाच असणार. मेंढपाळ म्हणजे सगळे राक्षस असंही नाही हं, त्यांची स्वतःची पोरंही वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ असतात, पण दुसऱ्याचं पोर उचलीवर राबवणं हा गुन्हाच.

मुलाला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, नेलंत का? नियम प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांचा आहे, तुम्हाला तीन आठवडे झाले, तेव्हा हे वाचून झालं की १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा. मग प्रांताधिकाऱ्यांकडे मुक्ती प्रमाणपत्रासाठी, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी कागदासाठी, अर्ज. तो कागद हातात आला की ३० हजारांपर्यंतची तातडीची सरकारी मदत मालकावरच्या खटल्याच्या निकालासाठी अडत नाही, लहान मुलांसाठीची दोन लाखांची मदत मात्र खटल्याच्या वाटेने जाते, तिच्या भरवशावर आत्ताच काही ठरवू नका.

आता पोरगं. पहाटे चारला तो उठतो कारण दोन वर्षं तेव्हाच उठवलंय त्याला, त्याला दामटून झोपवू नका, कुणीतरी शेजारी जाऊन बसा, बोललं नाही तरी चालेल. पाण्याचं म्हणाल तर प्रत्येक वेळी "हो पी" म्हणत राहिलात तर मालक बदलला एवढंच होईल, त्यापेक्षा त्याच्या नावाचा तांब्या द्या आणि तो कुठे ठेवायचा ते त्यालाच ठरवू दे. अशा बारक्या गोष्टी रोज दोन-तीन, जास्त नको, एकदम दहा पर्याय पुढे टाकले की ही मुलं गोठतात.

आणि प्लीज, पळून कसा आलास ही गोष्ट पाहुण्यांसमोर त्याला सांगायला लावू नका. पाकिस्तानातल्या इक्बाल मसीहचं उदाहरण लोक देतात, सहाशे रुपयांच्या कर्जापोटी चौथ्या वर्षी गालिच्याच्या मागावर बसवलेला, पळाला तर पोलिसांनीच परत मालकाकडे दिला, पुन्हा पळाला, मग शाळेत चार वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत केला, १९९४ मध्ये अमेरिकेत भाषण दिलं आणि १९९५ मध्ये बाराव्या वर्षी गोळी लागून गेला. थोर पोरगा, पण तो माप म्हणून वापरायचा नाही. तुमच्या मुलाने यंदा नुसती बाराखडी केली, नाहीतर तीही नाही केली, तरी बिघडत नाही. मेंढ्या मोजत होता म्हणजे आकडे येत असतील, गणितापासून सुरू करून बघा, पण मेंढ्यांची गणितं नकोत, चिंचोके घ्या.

तुमच्या शाळेत शेळ्या असतील तर "याला सवय आहे" म्हणून त्याच्या गळ्यात घालू नका. तो स्वतः म्हणाला तर गोष्ट वेगळी.

राहिली भाकरी. ओरडू नका, काढूनही घेऊ नका. मुंग्या लागतात म्हणून झाकणाचा डबा द्या आणि रोज शिळी काढून त्याच्यासमोर ताजी ठेवत जा.