इतिहास वाचताना पूर्णपणे निःपक्षपाती राहता येतं का?

मला तरी जमलेलं नाही. आपण नेमके कुठे घसरतो, ते मात्र कधीकधी सापडतं. माझंच सांगतो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. आमच्या घरात बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचं प्रकरण कधीच निकालात निघालं होतं: साहेबानं कुभांड रचलं, गादी काढून घेतली. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेर यांनी, आपल्या पपनसाच्या सरबतात विष घातलं, अशी तक्रार केली. त्याच्या आठवडाभर आधीच, या फेरांना इथून हलवा म्हणून महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडला होता. पुढे सहाजणांचं कमिशन बसलं. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं, तिघा हिंदी सदस्यांनी नाही. "आणखी काय पुरावा हवा?" असं आजोबा म्हणायचे.

दोनेक वर्षांपूर्वी मी पेन्सिल घेऊन ते सगळं वाचायला बसलो. महाराजांचे खाजगीकडचे दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले होते. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, 'जीव वाचवायला बोलतोय'. इंग्रज सदस्यांपुढे 'सरकारचे पगारी'. हेही एक वेळ ठीक. पण हिंदी सदस्यांपुढे काय? 'बाणेदार'! त्यातले जयाजीराव शिंदे आणि जयपूरचे रामसिंग स्वतःच राजे. रेसिडेंटच्या तक्रारीवरून आज बडोद्याची गादी हलली, तर उद्या आपली, हे त्यांच्या मनात आलंच नसेल? मला हा प्रश्न सुचलासुद्धा नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे, १८६३ मध्ये थोरले बंधू खंडेराव यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून मल्हाररावांना बडोद्याजवळच्या पादरा गावी कैदेत टाकलं होतं, तो मजकूर मी वाचला आणि सरळ पुढे गेलो. समासात साधी रेघही नाही. असलं काही फेरांबद्दल सापडलं असतं तर पान रंगवलं असतं! (त्यावरून सरबतातलं विष शाबीत होत नाही, हे कबूल.)

मत बदललं का? फारसं नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारनं मल्हाररावांना पदच्युत केलं तेही गैरकारभाराचं कारण देऊन. विषप्रयोगाचा आरोप शाबीत झाला असं मलाही वाटत नाही. म्हणून वहीतलं 'कुभांड' खोडून तेवढंच लिहिलंय, 'शाबीत नाही'. 'बाणेदार' अजून खोडवत नाही.