कंपनी गाडी देतेय, कोम्बी घेऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हाइलब्रोनजवळच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. एप्रिलपासून मला डीन्स्टवागन, म्हणजे कंपनीची गाडी, मिळणार आहे, तीन वर्षांच्या लीझिंगवर. घर ते ऑफिस 30 किलोमीटर. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जातो, बाकीचे दिवस घरूनच थेट ग्राहकांकडे, कधी आल्गॉय, कधी ऑस्ट्रियात फोरार्लबर्गपर्यंत. सोबत हत्यारांच्या पेट्या, सुटे भाग आणि 1.6 मीटर लांबीची एक मोजपट्टी असते. यादीत तीन कोम्बी, म्हणजे स्टेशन वॅगन, आहेत : फोक्सवॅगनची पासाट व्हेरिअंट डिझेल, स्कोडाची सुपर्ब कोम्बी प्लग-इन (पेट्रोलवर आणि चार्ज करता येणाऱ्या बॅटरीवरही चालणारी) आणि फोक्सवॅगनचीच इलेक्ट्रिक आयडी.7 टूरर. ऑफिसातले सगळे म्हणतात एसयूव्ही घे. बायकोचंही तेच म्हणणं आहे, कारण दर उन्हाळ्यात आई-बाबा कोल्हापूरहून येतात आणि दोघांचे गुडघे दुखतात. घरी दोन मुलं आहेत. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, तळघरात पार्किंग आहे, पण चार्जर नाही. काय करू?
— एक वाचक, हाइलब्रोन

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी सगळ्यात आधी कॅल्क्युलेटर काढला. निवृत्त होईपर्यंत मी श्टुटगार्टजवळच्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत गाड्यांचं खातं सांभाळलं. माझ्या टेबलासमोर बसून लोक रंग, चाकं आणि काचेच्या छपरावर तासभर बोलायचे. पगारपत्रकावर दर महिन्याला काय लागणार, हे मात्र पहिली पगाराची चिठ्ठी हातात पडल्यावर विचारायला यायचे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

खासगी वापराची मुभा असलेली कंपनीची गाडी म्हणजे जर्मन आयकर खात्याच्या लेखी पगाराचाच एक भाग. गाडीच्या मूळ यादी-किमतीचा, म्हणजे पहिल्या नोंदणीच्या दिवशीच्या जीएसटीसारख्या करासकटच्या छापील किमतीचा, 1 टक्का दर महिन्याला तुमच्या उत्पन्नात धरतात. शिवाय घर ते ऑफिस अंतराच्या प्रत्येक किलोमीटरला त्याच किमतीचा 0.03 टक्का. कंपनीला डीलरने किती सूट दिली, याच्याशी याचा काही संबंध नाही. इलेक्ट्रिक गाडीला यादी-किमतीचा फक्त चौथा हिस्सा धरतात. 1 जुलै 2025 पासून घेतलेल्या गाड्यांना ही सवलत 1 लाख युरो किमतीपर्यंत लागू आहे. प्लग-इनला निम्मी किंमत धरतात, पण 2025 पासून त्यासाठी विजेवर किमान 80 किलोमीटर पल्ला हवा किंवा उत्सर्जन किलोमीटरला 50 ग्रॅमच्या आत हवं.

आता आकडे. तुम्ही किमती कळवल्या नाहीत, म्हणून मी गोल आकडे घेते, तुम्ही तुमचे घाला. डिझेल पासाट 52,000 युरोंची धरली तर 1 टक्का झाले 520, आणि 30 किलोमीटरचे 468. एकूण 988 युरो दर महिन्याला उत्पन्नात. वरच्या टोकाला 42 टक्के कर धरला तर खिशातून जातात सुमारे 415. प्लग-इन सुपर्ब 58,000 ची धरली तर उत्पन्नात 551 आणि खिशातून 231. इलेक्ट्रिक टूरर 60,000 ची धरली तर हिशेबाला येतात फक्त 15,000. म्हणजे 150 अधिक 135, एकूण 285, आणि खिशातून 120. सगळ्यात महाग गाडी तुम्हाला सगळ्यात स्वस्त पडते! डिझेल आणि इलेक्ट्रिक यांच्यात महिन्याला 295 युरोंचा फरक, तीन वर्षांत साडेदहा हजारांच्या वर.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि पगार खातं ती आपणहून सांगेलच असं नाही. तुम्ही आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाता. मग महिन्याचा 0.03 टक्का कशाला भरायचा? प्रत्यक्ष गेलेल्या दिवसांचा हिशेब मागा. त्याला दर दिवशी किलोमीटरला 0.002 टक्के लागतात. डिझेलचं उदाहरण घेतलं तर महिन्याचे आठ दिवस धरून 468 च्या जागी 250 येतात. कुठल्या तारखांना ऑफिसला गेलो, हे दर महिन्याला कंपनीला लेखी कळवायचं. तुम्ही मागितलंत तर कंपनीला हे करावंच लागतं. मात्र एकदा पद्धत धरली की ती वर्षभर ठेवायची. आणि तुमच्या करारात ‘पहिलं कामाचं ठिकाण’ म्हणून ऑफिस लिहिलेलंच नसेल तर ही अंतराची रक्कम मुळात लागतच नाही. तेवढं वाक्य आज रात्रीच करार काढून बघा.

फारटेनबुख, म्हणजे प्रत्येक फेरीची नोंदवही, हा दुसरा मार्ग आहे. खासगी वापर अगदी थोडा असेल तर त्यात फायदा होतो. तुमच्याकडे दोन मुलं आहेत, त्यामुळे खासगी वापर थोडा नसणार. शिवाय नोंदवही चोख नसेल तर आयकर खातं ती सरळ बाजूला ठेवतं. सोडून द्या.

आता डिकी. कागदावर पासाट व्हेरिअंटची डिकी 690 लिटर आहे आणि सुपर्ब कोम्बीच्या साध्या मॉडेलचीही 690. यात आश्चर्य नाही, दोन्ही एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत आणि ब्रातिस्लाव्हाच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. पण तुमच्या यादीतली सुपर्ब प्लग-इन आहे, आणि तिची बॅटरी डिकीतली दीडशे लिटरहून जास्त जागा खाते. आयडी.7 टूररची डिकी 605 लिटर, मागची सीटं पाडली की 1,714. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीत प्लग-इनपेक्षा जास्त सामान बसतं. हे लोकांना खरं वाटत नाही.

तरी लिटरवर जाऊ नका. डिकी मोजताना त्यात 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे एकेक लिटरचे ठोकळे रचतात. तुमच्या पेट्या काही ठोकळे नाहीत. शोरूमला जाताना सर्वांत मोठी पेटी आणि ती 1.6 मीटरची पट्टी घेऊन जा. सेल्समन तोंडाकडे बघेल, बघू द्या. चाकांच्या कमानींमध्ये सहसा मीटरभर जागा असते. 60 बाय 40 च्या दोन पेट्या शेजारी-शेजारी उभ्या बसतात की नाही, ते तिथेच कळतं. मधली सीट एकटी पाडून पट्टी आत जाते का, आणि तेव्हा मुलांच्या दोन्ही सीटा जागेवर राहतात का, तेही तिथेच बघा. डिकीच्या काठाची जमिनीपासूनची उंचीही मोजा. कोम्बीचा खरा फायदा मला इथेच दिसतो. तीस किलोची पेटी दिवसातून चार वेळा उचलणाऱ्या माणसाच्या कमरेला एसयूव्हीचा उंच काठ वर्षभरात नको होतो. आमच्या कंपनीत एसयूव्ही हट्टाने घेणारे बहुतेक जण विक्री विभागातले असायचे, लॅपटॉप घेऊन फिरणारे. सर्व्हिसवाले कोम्बीच मागायचे.

वजनाकडे मात्र लक्ष द्या. इलेक्ट्रिक गाड्या मुळातच जड, त्यामुळे वर लादायला उरणारं वजन कमी असतं. गाडीच्या नोंदणीपत्रात एफ.2 या रकान्यात परवानगीचं एकूण वजन असतं आणि ‘जी’ (G) या रकान्यात रिकाम्या गाडीचं. त्यात 75 किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो. दोन्हींतला फरक तुमच्या पेट्या, बायको, मुलं आणि विमानातून आलेल्या 23 किलोच्या बॅगा या सगळ्यांना पुरायला हवा. पेट्या मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून खाली ठेवा, पट्ट्याने कड्यांना बांधा, आणि मधली जाळी यादीत असेल तर घ्या. सामान नीट न बांधल्याचा दंड ड्रायव्हरला होतो. पण दंडापेक्षा ब्रेक दाबल्यावर पुढे येणाऱ्या पेटीची भीती जास्त.

आई-बाबांच्या गुडघ्यांबद्दल तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. कोम्बीत बसताना खाली वाकावं लागतं आणि उतरताना उठावं लागतं. सत्तरीच्या माणसाला ते जाणवतंच. त्यावर माझ्याकडे वाद नाही. पण हेही मोजा : तुम्ही चौघं आणि ते दोघं म्हणजे सहा माणसं. यादीतली एसयूव्हीसुद्धा पाचच जणांची असणार. म्हणजे ते आल्यावर सहलीसाठी मोठी गाडी भाड्याने घ्यावीच लागेल किंवा काही जणांना रेल्वेने जावं लागेल. जुन्या मर्सिडीजच्या कोम्बीत डिकीमध्ये उलट्या तोंडाची तिसरी रांग मिळायची, मुलं मागच्या काचेतून बघत बसायची. आता ती सोय गेली. महिना-दीड महिन्याच्या गुडघ्यांसाठी उरलेले साडेदहा महिने तुमची कमर वाकवायची का, ते दोघांनी मिळून ठरवा. पुढच्या सीटला उंची वाढवायची सोय असते. बाबांना पुढे बसवा, निम्मं काम होतं.

राहिला चार्जर. जर्मनीत डिसेंबर 2020 पासून भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवण्याची परवानगी घरमालकाकडे मागण्याचा हक्क आहे. मालकाला सहसा नाही म्हणता येत नाही. पण सोसायटीची बैठक, इलेक्ट्रिशियन आणि तळघरातली वायर यांत महिने जातात, म्हणून अर्ज आजच टाका, गाडी एप्रिलमध्ये येतेय. घरच्या विजेचे पैसे कंपनी देणार असेल तर त्या चार्जरला वेगळा मीटर हवा. ऑफिसच्या आवारात कंपनीने फुकट दिलेली वीज 2030 च्या अखेरपर्यंत करमुक्त आहे, त्यामुळे ते दोन दिवस तिथेच भरून घ्या. घरी चार्जर होणारच नाही असं मालकाकडून ठाम कळलं, आणि ग्राहकांकडच्या फेऱ्या रोजच्याच असतील, तर डिझेल घ्या. प्लग-इन मात्र अजिबात नको. घरी न भरता चालवलेली प्लग-इन म्हणजे बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी. करात सवलत मिळते आणि पंपावर ती परत जाते. गाडी परत करताना चार्जिंगची केबल कागदात गुंडाळलेलीच असायची, असे ड्रायव्हर मी पाहिले आहेत.

इलेक्ट्रिकच्या पल्ल्याबद्दल एवढंच की कागदावरचे सहाशे किलोमीटर जानेवारीत आउटोबानवर ताशी 130 च्या वेगाने सहाशे राहत नाहीत. साडेतीनशे धरून फेरी आखा, म्हणजे फोरार्लबर्गच्या वाटेवर मनाला घोर लागणार नाही.

आणि ऑर्डरवर सही करण्याआधी : कारखान्यात बसवून आलेली प्रत्येक चैनीची वस्तू यादी-किमतीत चढते आणि दर महिन्याला तुमच्याकडून वसूल होते. गाडीची पहिली नोंदणी झाल्यावर बसवलेली वस्तू त्यात धरत नाहीत. हिवाळी टायरांचा दुसरा संच चाकांसकट वगळलेला आहे, तो कंपनीकडून नक्की घ्या. डिकीत जाड रबरी चटई आणि मागच्या बंपरच्या काठावर पट्टी पहिल्याच दिवशी घाला. परत देताना लीझिंगवाले तिथलेच ओरखडे मोजतात.

प्रश्न : मी म्युनिकला असते. नवऱ्याला कंपनीची गाडी मिळाली आहे. माझ्याकडे भारतातला परवाना आहे, येऊन चार महिने झाले. मी ती चालवू शकते का?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय परवाना चालतो, सोबत त्याचं भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. म्हणजे तुमचे दोनच महिने उरले. त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते, प्रत्यक्ष मात्र जर्मनमध्येच. आजच फारशूलेत, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, नाव घाला. दुसरी गोष्ट गाडीच्या कराराची. त्यात ‘जोडीदाराला चालवता येईल’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. काही कंपन्या वयाची अट घालतात, काही फक्त परदेश प्रवासाला मनाई करतात. नवऱ्याच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका, तो कागद स्वतः वाचा.

प्रश्न : चाकणमधल्या एका कारखान्यात आहे. भारतात कंपनीसाठी स्टेशन वॅगन मिळेल का?

उत्तर : कंपनीच्या नेहमीच्या यादीत बसेल अशी नवी स्टेशन वॅगन आज तिथे मिळत नाही. टाटांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला टाटा इस्टेट आणली, पुढे इंडिगो मरिना. स्कोडाची ऑक्टाव्हिया कोम्बीही येऊन गेली. लोकांनी डिकी असलेली सेडान पसंत केली आणि ज्यांना जागा हवी होती ते क्वालिस-इनोव्हाकडे गेले. तुम्हाला सामानासाठीच हवी असेल तर एर्टिगा किंवा इनोव्हा घ्या आणि तिसरी रांग पाडून ठेवा. पाडलेल्या सीटवर पेट्या सरळ बसतात का, ते मात्र शोरूममध्ये पेटी नेऊनच बघा.